काठावरचं सैन्य

नदीला पूर आला की आमच्या गावच्या महादेवाचा फक्त कळस पाण्यावर राहतो. तिथवर पोहून जाईल तो वर्षभर आमचा सिकंदर. गेल्या वर्षी दिन्या झाला. आज त्याला पलीकडचा काठ हवा होता.

मी इतिहासाच्या सरांचा आवाज काढला, "मुलांनो, बियास नदीच्या काठी सैन्य अडून बसलं. म्हणालं, महाराज, आता घरी चला."

सगळे खिदळले.

"मग बसा तुम्ही," म्हणत दिन्याने शर्ट माझ्या अंगावर फेकला आणि उडी मारली.

सिकंदरने एवढं जग जिंकलं, पण सैन्य नको म्हणाल्यावर तो वळला. ते सैन्य चालून चालून दमलेलं होतं. आम्ही काठावर बसलेलो, आम्ही कशाला दमतोय? आम्ही शिट्ट्या मारत होतो.

कळस मागे पडला. दिन्याचं डोकं नारळाएवढं झालं आणि तिरकं वाहायला लागलं. शिट्ट्या आपोआप थांबल्या. सगळे हात हलवून त्याला परत बोलवू लागलो.

त्याने वळून पाहिलं. त्याला वाटलं, आम्ही जयजयकार करतोय. त्यानेही हात हलवला, आणि पुढे निघाला.