एका वहाणेचा माणूस

भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली, तेव्हा मी चिनी चित्रकलेचा जाणकार होतो. त्या विषयावरचं एक सचित्र पुस्तक मी वाचलं होतं आणि माझ्या ओळखीत तेवढंही कुणी वाचलेलं नव्हतं. परिचयातल्या एका शेटजींनी दिवाणखाना चिनी थाटाने सजवायला काढला होता. रेवदंड्याच्या एका जुन्या दर्यावर्दी मुसलमान घराण्यात चिनी चित्र असल्याचं त्यांच्या कानावर आलं. मी पडलो गिरगावातला ड्रॉइंग मास्तर, म्हणून ते पारखून, जमल्यास विकत आणण्याची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

रेवसला ओहोटी होती. होडीतून उतरून चिखल तुडवावा लागला आणि दहा पावलांत माझी उजवी, नवी कोरी वहाण चिखलाने गिळली. होडीवाला म्हणाला, "आता ती न्हाय गावायची, रावसाहेब." डावी फेकून देववेना. ती हातात धरून, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत, नागावच्या वाड्या ओलांडून संध्याकाळच्या आत रेवदंड्याला पोचलो.

चित्राचे मालक इब्राहिमचाचा साठीच्या पुढचे. ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. माझ्या हातातल्या वहाणेकडे ते इतका वेळ पाहत राहिले की मला शरमल्यासारखं झालं. मग कोण, कुठले, काही न विचारता त्यांनी मला आत नेलं आणि सांदणं (तांदळाच्या रव्याच्या गोड, वाफवलेल्या वड्या) पुढे ठेवली.

घरात तसबीर लावायची नाही ही त्यांची रीत. चित्र पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेलं. चाचांनी ते चटईवर उलगडलं. काळ्या शाईचे मोजके फटकारे आणि त्यांत चालत निघालेला माणूस: पायघोळ कफनी, दाट दाढी, कानात बाळी, बटबटीत डोळे. खांद्यावर काठी आणि काठीला लटकलेली एकच वहाण.

माझ्या स्वागताचं कारण आता कळलं.

"ह्यो माझा बाबा," चाचा म्हणाले. "मी आईच्या पोटात व्हतो, तवा चीनच्या जहाजावर गेला. सोबत्यानं पेटी आनलान, बाबा न्हाय आला. गाव म्हनायचा, तितं दुसरा घर केलान. आईनं जल्मभर ऐकलान. ती म्हनायची, न्हाय, त्यो परत निगालाय, तसबीर बगा. तुमी शिकलेले. सांगा, निगाला व्हता का न्हाय?"

मी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "चिनी माणसाचे डोळे असे नसतात. चित्र अस्सल चिनी नव्हे."

"म्हनून तर म्हनतो," चाचा शांतपणे म्हणाले.

कोपऱ्यातली अक्षरं काही मला वाचता येईनात. ती आणि आकृती मी वहीत उतरवून घेतली, वाचून घेऊन कळवतो म्हणालो. विकत घेण्याचं तोंडाबाहेर काढायची लाज वाटली. निघताना चाचांनी आपल्या वहाणा माझ्या पायात घातल्या आणि माझी डावी ठेवून घेतली.

मुंबईत रेशमी कापड विकणाऱ्या एका चिनी फेरीवाल्याला वही दाखवली. तो पाहताक्षणी हसला.

"ये दामो बाबा. हिंदुस्थान का साधू. दर्या से चीन आया, उधर मर गया. पीछे एक आदमी ने देखा, बाबा एक जूता लेके अपने मुलुक जाता है. कबर खोला, अंदर दूसरा जूता. इधर लिखा है, बाबा घर जाता."

म्हणजे बौद्ध भिक्षू बोधिधर्म. चित्र अस्सल चिनी, माणूस अस्सल हिंदुस्थानी आणि गाढव अस्सल गिरगावकर.

शेटजींना चित्र बनावट असल्याचं सांगितलं. त्यांनी चित्रासाठी राखलेल्या भिंतीवर आरसा लावला. चाचांना पत्र लिहायला मात्र तीन दिवस लागले. शेवटी लिहिलं: "चित्रातला माणूस आपल्याच देशाचा आहे. दर्यावरून चीनला गेला. आता तो घरी निघाला आहे, असं त्या चित्रावरच लिहिलेलं आहे." यात एक अक्षर खोटं नव्हतं. साधूचं नाव आणि कबर तेवढी मी गाळली.

उत्तर कुणा शाळामास्तरांच्या हस्ताक्षरात आलं: "तुमचे पत्र शुक्रवारी नमाजानंतर गावाला वाचून दाखविले. मग आईच्या कबरीपाशी जाऊन तिलाही ऐकविले."

शेटजींच्या मते माझी खेप फुकट गेली. चाचांच्या वहाणा मी अजून वापरतो. त्या मला जरा मोठ्या होतात.