प्रेशरची गोळी

ही हकिकत मी चार वर्षं टाळत आलो. आमच्या लालबागच्या चाळीत विषय निघाला की मी चष्मा पुसायला घेतो. पण माझ्या शेजाऱ्याइतका सावकाश माणूस उभ्या गिरणगावात झाला नाही, आणि त्याच्याविषयी चाळ जे सांगते ते खोटं आहे, म्हणून आता लिहितो.

तो पाणीखात्यात चावीवाला होता. रस्त्यातलं झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि गल्लीला पाणी सोडायचं. हाताखालचा कुणी घाई करू लागला की ओरडायचा, "सावकास उघड मेल्या, जुने पाइप फुटतत!" हाच नियम घरीही. सोड्याची बाटली उघडायला इतका वेळ लावी की पाहुणा साधं पाणी पिऊन मोकळा होई. भाचीच्या लग्नात कुणीतरी अंतरपाट त्याच्या हाती दिला. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या, वाजंत्री दमली, तरी हा कापड बोटबोट खाली घेतोय. नवरानवरीला एकमेकांचं आधी कपाळ दिसलं, मग बऱ्याच वेळाने नाक. मी कोर्टात कारकून होतो, म्हणून मला तो 'कोर्टा' म्हणे आणि कुठल्याही वादात माझा शब्द शेवटचा मानी. ते मला फार आवडायचं.

पुढे त्याच्या डाव्या डोळ्यापुढे क्षणभर पडदा येऊ लागला आणि उजव्या हातातून बशी निसटू लागली. मानेची सोनोग्राफी करायला मीच घेऊन गेलो. यंत्रातून रक्ताचा सूं सूं आवाज येताच पडल्या पडल्या त्याने हात वर केला. "बाई, हयसर व्हॉल्व अडाकलो."

"अगदी बरोबर, काका," डॉक्टरीणबाई हसल्या. "डावी शीर जवळजवळ बंदच आहे."

मांडीतून तार घालून त्या शिरेत जाळी बसवली. घरी सोडताना त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खाली औषधांच्या रांगेत होत्या, म्हणून डॉक्टरांनी सगळं मला सांगितलं. "मेंदूच्या या बाजूला इतकी वर्षं कमी रक्ताची सवय आहे. आता एकदम भरपूर येतंय. बीपीची गोळी चुकवू नका. डोकं दुखलं तर तडक घेऊन या." मी मान हलवली. 'भरपूर' एवढंच डोक्यात राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "कोर्टा, ह्या गोळयेन चक्कर येता. घेऊ की नको?"

मी तिसऱ्या मजल्यावर जन्म काढलेला माणूस. खाली प्रेशर नाही म्हणून आमच्या नळाला कायम नुसती हवा. दाब वाढला आणि वाईट झालं, असं आमच्या मजल्यावर कधी कुणी ऐकलेलं नाही. मी म्हणालो, "अरे, लाइन साफ झाली. आता वरपर्यंत चढू दे की! प्रेशर उतरवायची गोळी कशाला?"

"आणि एकदम चढला तर?"

"डॉक्टरांशी मी बोललो की तू?"

त्याने गोळ्या खणात टाकल्या. दोन दिवसांनी त्याचं डोकं डावीकडे ठणकू लागलं. मी बाम चोळला. संध्याकाळी तो वहिनींना त्याच्या आईच्या नावाने हाक मारू लागला, आणि मग आकडी आली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्त पोचत नव्हतं म्हणून ऑपरेशन केलं, मग पोचल्यावर बिघडलं कसं, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. ते म्हणाले, मिळेल तेवढं रक्त ओढायला आतल्या बारीक नसा वर्षानुवर्षं सैल राहिलेल्या, पूर्ण लोंढा आला तेव्हा त्यांना आवळून धरता आलं नाही. मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, असंही नाही. चावीवाल्याला मात्र ते आधीच कळलं होतं.

त्यानंतर तो वर्षभर होता. शब्द सगळे विस्कटलेले, चहाला छत्री म्हणायचा. आल्यागेल्याला वहिनी सांगत, "यांचाच हट्ट हो! चक्कर येते म्हणून आपल्याच मनाने गोळी सोडली." एकदा तो माझ्याकडे बघत होता, आणि हे ऐकून त्याने मान डोलावली, नेहमीसारखी सावकाश. त्याला काही समजलंच नव्हतं, की मला पाठीशी घालत होता? खूप विचार केला. सांगता येत नाही.

परवा वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला. म्हणाल्या, "भावोजी, तेव्हा तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"वहिनी, ती गोळी..." मी म्हणालो.

"अगंबाई, घ्यायची राहिली का तुमची? पाणी देऊ?"

"नको," मी म्हणालो. "घेतली मघाशी."