वऱ्हाडावर सुटलेला लाल तारा

बंदुकीत छर्रे नसले की ती निर्धोक असते, असे मी गेल्या वैशाखापर्यंत मानत होतो.

आमच्या मुरबाडकडच्या गावात नवऱ्याचे वऱ्हाड शिवेवर आले की मुलीकडच्यांनी बंदुकीचा बार काढायचा, अशी पद्धत आहे. वऱ्हाडाला कळते की मांडव तयार आहे, आणि आमच्या बायकांना कळते की आता भांडण आवरावे. माझी धाकटी बहीण सोनी हिच्या लग्नात हा मान मला मिळाला. बाबा गावचे पोलीस पाटील, म्हणून घरात बंदूक. आणि मी घराण्यातला पहिला कॉलेजात गेलेला, म्हणून ती माझ्या हातात. (या दोहोंचा संबंध काय, हे तेव्हाच कोणी विचारायला हवे होते!)

त्यात जपानशी चाललेल्या लढाईवरून रजेवर आलेल्या गणूमामाने एक काडतूस काढले. "भाच्या, नुसता बार काय काढतोस? हे इशाऱ्याचं काडतूस. आभाळात लाल तारा उडतो बघ!"

बाबांनी ते उलटसुलट करून पाहिले. "बंदूक फुटायची नाय ना रे?"

"नाही, बाबा," मी अगदी मनापासून म्हणालो. "यात छर्रेच नाहीत. आणि तारा वरच्या वर विझेल."

"पुस्तकात हाय?"

"असावे." (पुस्तकात बंदूकच नव्हती!)

"दादा, माझं लगीन तरी लागू दे रे आधी!" सोनी आतून ओरडली.

गोरज मुहूर्त जवळ आला. नवऱ्याच्या गावाहून, शेणव्याहून, निघालेल्या बैलगाड्या समोरच्या माळावर दिसू लागल्या. पहिल्या गाडीत नवरदेव. मी बंदूक आभाळाकडे धरली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

फुस्स!

नळीतून धुराची बारीक शेंडी निघाली. बस, एवढेच. पोरे हसू लागली. आत काय अडले ते बघावे, म्हणून मी (शास्त्राचा विद्यार्थी!) बंदूक खाली घेतली आणि नळीत डोकावायला वाकलो.

"अरे मेल्या!" बाबांनी नळीला लाथ घातली. ती आडवी झाली आणि त्याच क्षणी आतला तारा सुटला! माझी डावी भुवई करपली. तारा वर वगैरे काही गेला नाही. तो माळावरून सरळ वऱ्हाडाकडे गेला, पहिल्या गाडीपुढे पडला आणि फुरफुरत जळत राहिला. विझेचना!

आमच्याकडचे बैल बंदुकीच्या बाराला सरावलेले असतात. जमिनीवर जळणारा सूर्य मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पहिली जोडी जागच्या जागी वळली आणि नवरदेवासकट शेणव्याच्या वाटेला लागली. मागच्या गाड्या तिच्या मागे!

"जपान आला! जपान आला!" वऱ्हाडात एकच ओरड.

"जपान नाय वो, आमचा पोरगा हाय!" बाबा धोतर सावरत मागे धावले.

मुंडावळ्या बांधलेली सोनी मांडवाच्या दारात आली. रडायचेही विसरली होती. "दादा, नवरा कुठं चालला?"

मी बोटाने शेणव्याची वाट दाखवली.

नवरदेव ओढ्याच्या वाळूत सापडले. फेटा बाभळीवर, स्वतः गाडीखाली, पण धडधाकट! गोरज केव्हाच टळली होती. भटजींनी घाम पुसत दुसरा मुहूर्त काढला. व्याही मात्र मांडवाच्या दाराशी येऊन अडले.

"पोरीचा काय दोष? लगीन लागंल," ते म्हणाले. "पण आमची एक अट हाय."

बाबांनी हात जोडले. व्याह्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "ह्याला मांडवाबाहेर उभा करा. नि ह्याच्या हातात अक्षतासुद्धा देऊ नका!"

बहिणीच्या लग्नाला मी जातीने हजर होतो. कुंपणापलीकडे, दोन्ही हात वर करून; ते रिकामे आहेत हे वऱ्हाडाला दिसत राहावे म्हणून!