रसिकाचं हवामान

दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माझी मुलगी रसिका पडवीतला पंखा बंद करते, कोंबड्या हाकलते आणि फोन तोंडाशी धरून बोलायला लागते. "जयभीम, नमस्कार मंडळी. ह्या आठवड्याचं हवामान ऐका."

हवामान खात्याचं पत्रक सगळ्या जिल्ह्याला एकच येतं. 'आर्द्रता', 'तुरळक ठिकाणी', 'जमिनीतील ओलावा' असली त्याची भाषा. मी बी.ए. झालेय, तरी मला ते दोनदा वाचावं लागतं. रसिका दापोलीला शेतीचं शिकली आणि आता नोकरीची वाट बघत घरी आहे. शेजारच्या तुळसावयनींना तिने एकदा ते पत्रक आपल्या बोलीत समजावलं. वयनींनी तेच फोनमध्ये बोलायला लावून मुंबईला मुलाला पाठवलं, तिथून ते वाडीच्या ग्रुपवर आलं, आणि मग पोरीची सुटका झाली नाही. "मळ्यात अजून पाय रुततोय, तवर नांगर घालू नका," असं ती सांगायची आणि लोक ऐकायचे. लोक त्याला 'रसिकाचं हवामान' म्हणू लागले.

एसटीच्या थांब्यावर वाडीतल्या आत्मारामभावजींनी एकदा तिला थांबवलं. "काय गो पाऊसबाय, उद्या पोरीचा साखरपुडा हाय. जरा आवर घाल त्येला."

"आधी पेढे आणा काका, मग बघते."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. उन्हासाठी आज आभार मानणारी माणसं उद्या पावसाचा जाब तिलाच विचारणार, असं मला वाटायचं. तसं बोलूनही दाखवलं. "आई, तू पण ना! मी फक्त वाचते गं," एवढंच ती म्हणाली.

तुळसावयनींचा भाताचा मळा आमच्या घराच्या खालच्या अंगाला आहे. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच असतात. मुलगा धम्मदीप भांडुपला गोदामात कामाला आहे. आमच्याकडे कापणीला माणूस मिळत नाही. मुंबईचा मुलगा रजा घेऊन येतो तीच कापणी. रजा आधी मागून ठेवावी लागते आणि एकदाच मिळते. म्हणजे साहेबाची मर्जी, पिकलेलं भात आणि ऊन, तिन्ही एका आठवड्यात जुळून यायला हवं.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी पत्रकात होतं : पाच दिवस हवामान कोरडं, एक-दोन ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी, जमिनीत ओलावा जास्त असल्याने कापलेलं भात शेतात पसरून ठेवू नये. रसिकाने यातलं काही गाळलं नाही. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते.

संध्याकाळी तुळसावयनी आल्या. "त्ये सगलं ऐकलं गो बाय. पण तू मला येक सांग. धम्मदीपला बोलवू काय?"

रसिकाने अंगणात जाऊन आभाळ बघितलं. निळंशार होतं. मी खाकरले, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"बोलवा काकी," ती म्हणाली.

धम्मदीप आला तो सरळ मळ्यातच उतरला. मायलेकांनी दुसऱ्या दिवसापर्यंत सगळा मळा आडवा केला. कापलेलं भात दोन उन्हं खाल्ल्याशिवाय भारे बांधत नाहीत. ओलं झोडलं तर दाणा लोंबीला धरून राहतो. शेतात पसरू नये हे खरं, पण खळं एवढंसं, मग पसरायचं कुठे? त्यांनी ते मळ्यातच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या डोंगरावर ढग उतरला आणि पाऊस कोसळला. खाली किनाऱ्याला, मालगुंडला माझ्या बहिणीने तेव्हा गोधड्या वाळत घातल्या होत्या, इतकं तिथे ऊन होतं. पत्रक खोटं ठरलं नाही. त्यातलं 'एक ठिकाण' आम्ही होतो.

आम्ही ताडपत्र्या घेऊन धावलो. हाताला येईल ते भात उचलून बांधावर टाकत होतो. मळ्याची माती आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली, वरून पडलेलं तिथेच उभं राहिलं. पुढचे दोन दिवसही सर येत राहिली. धम्मदीपची रजा संपली. जाताना तो थांब्यावर रसिकाला म्हणाला, "तू कशाला रडतेस गो? तू काय पाऊस पाडतेस?" त्याच्या नखांत चिखल होता. आठवड्याभरात मळ्यात पडलेल्या लोंब्यांना हिरवे मोड आले.

कुणी तिला दोष दिला नाही. आत्मारामभावजींनी ग्रुपवर लिहिलं, "पाऊसबाय, साखरपुड्याला कोरडं नि कापणीला ओलं, ह्ये काय?" त्यांनी गंमतच केली होती. ह्या मंगळवारी रसिकाने पत्रक जसंच्या तसं छापील भाषेत वाचून टाकलं. लगेच ग्रुपवर आलं, "ह्ये काय कलत नाय. नीट सांग."

आणि आज शुक्रवारी दुपारी तुळसावयनी पुन्हा आल्या. त्यांच्या वरच्या शेतातलं उशिरा लावलेलं भात आता तयार झालं होतं. त्यांच्या हातात कोयती होती.

"रसिका, वरचं कापू काय?"

"काकी, पत्रकात म्हटलंय की..."

"त्ये नको. तुला काय वाटतं?"

"मला ठाऊक नाय, काकी."

वयनी तिच्याकडे बघत राहिल्या. रागावून नव्हे. रागावल्या असत्या तर मी मध्ये पडले असते. "तुला ठाऊक नाय," त्या हळूच म्हणाल्या, "तर मग कुणाला गो?"

रसिकाने माझ्याकडे बघितलं. वयनी पायवाटेने वर गेल्या. पडवीतून त्यांचं शेत दिसतं. बांधावर उभ्या राहून त्या एक लोंबी तळहातावर चोळत होत्या. लोंबी पिकून वाकली की फार थांबता येत नाही, दाणा गळतो. आणि कापली तर पुन्हा दोन उन्हं हवीत.

इकडे रसिकाने पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या आणि फोन तोंडाशी धरला. वर वयनी कोयती घेऊन उभ्या, खाली ही फोन घेऊन बसलेली. कर, असं मला दोघींपैकी एकीलाही म्हणवेना, आणि नको असंही म्हणवेना.

शेवटी काहीच रेकॉर्ड न करता तिने फोन खाली ठेवला आणि उठून पंखा लावला.