पहाटे पाचची रेघ

काशीरामकाका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि दिवस दिवस तोंड उघडत नाहीत. तीस वर्षं मुलुंड-घाटकोपरचे जिने पालथे घालून विजेचे मीटर वाचणारा माणूस! स्मार्ट मीटर बसले, रीडिंग आपोआप ऑफिसात यायला लागलं आणि साहेबांनी काकांना चेंबूरला आणून पडद्यासमोर बसवलं. मीटरने आकडे पाठवले की नाही, एवढंच बघायचं. वाकोल्याला घरी तरी कोण आहे? काकी गेल्या, मुलगा सावंतवाडीला. बोलणार कुणाशी?

पडद्यावर ग्राहकाचं नाव दिसत नाही. बिल्डिंग, मीटरचा नंबर आणि दर अर्ध्या तासाचा वापर, बस. कोण कधी उठतं, कुणाचं घर कधी रिकामं असतं, हे त्या आकड्यांवरून कळतं ना, म्हणून. नियम चोख आहे, माझी काही तक्रार नाही.

पण काकांनी मुलुंडच्या एका बिल्डिंगमधला एक नंबर हेरून ठेवला होता. रोज पहाटे पाचला त्याच्या वापराची रेघ सरळ वर चढायची. ऑफिसात आले की आधी तोच उघडायचे आणि पुटपुटायचे, "उठली गो बाय." कोण म्हणून विचारलं तर चक्क लाजले. तळमजल्यावरच्या नलिनीताई म्हणे. एकट्या राहतात, पाचला गिझर लावून आंघोळ करतात, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेलं; नवे मीटर आले, नंबर बदलले, म्हणून पाचला चढणारी रेघ ती त्यांचीच, असं काकांनी ठरवलेलं. काका जिन्याखालचे मीटर वाचायला गेले की खिडकीतून चहा द्यायच्या. "मीटरवाले, साखर दोन चमचे ना?" अशी वीस वर्षं.

गेल्या मंगळवारी रेघ चढली नाही. बुधवारीही नाही. काका पांढरेफटक पडले.

"पडली असतली गो ती. दाराक आतून कडी असतली."

"काका, नसते उद्योग करू नका. नोकरी जाईल," मी म्हटलं. ऐकतायत कसले! जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून रिक्षाने गेले.

चार वाजता परत आले. नलिनीताई धडधाकट होत्या. आणि फाटकाजवळ दोन माणसं बिल्डिंगची पाण्याची मोटर खोलून बसली होती. सोमवारी रात्री जळलेली. रोज पाचला चालू व्हायची ती मोटर! आठ महिने काका पाण्याच्या पंपाची खुशाली बघत होते. मला फस्सकन हसू आलं आणि लगेच माझीच मला लाज वाटली. काका हसले नाहीत. नलिनीताई काय म्हणाल्या तेही सांगेनात.

ते तासाभरात कळलं. फोनवरच्या तक्रारी, त्या मात्र नावानिशी, मी नोंदवते; ही माझ्याच पडद्यावर आली. ग्राहक नलिनी, तळमजला, वय एक्याऐंशी. 'तुमच्या कंपनीचा म्हणून एक माणूस आला. ओळखपत्र नाही, बॅग नाही. पाचला आंघोळीला उठला नाहीत का, विचारत होता. माझी आंघोळीची वेळ याला कशी ठाऊक? माझी माहिती बाहेर गेली कशी? सोसायटीत सूचना लावली आहे, हल्ली मीटरवाले येत नाहीत, दार उघडू नका. मी साखळी काढलीच नाही.'

अर्जात पुढचा प्रश्न होता: तक्रारदार या इसमाला ओळखतात का? हो किंवा नाही. माझा हात तिथेच थांबला. काका खुर्ची सरकवून सगळं वाचत होते.

"'नाय'वर टिक कर गो," ते म्हणाले. "माझा नाव मी कधी सांगूक नाय, आणि तिना कधी विचारूक नाय."