बाळीची घुरघुर

आमच्या वाडीत कोण कसं खोकतंय ह्ये मला तोंडपाठ हाय. शेजारचा म्हातारा आधी तीनदा खाकरून सगळ्यांना नोटीस देतो, मग खोकतो. पलीकडची काकू खोकली की वाटतं जुनी मोटारसायकल चढाला लागलीय. शाळेतले आमचे गुरुजी असे खोकायचे की मागची बाकं आपोआप गप्प. ह्ये सगळं मी करून दाखवतो. लगीन असो, बारसं असो, जेवणं झाली की कोणतरी म्हणतंच, "ए, जरा सिस्टरबाई काढ की."

सिस्टरबाई म्हंजे लस द्यायला येणारी नर्स. घरात कन्नड, आमच्यात आली की मराठी, आणि घाईत दोन्हीची खिचडी. "मगु हिडी, बाळाला धर गं, माझा हात कशाला धरतीस!" ह्ये मी केलं की बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. तिच्यासमोर केलं तवा तीबी हसली. वर म्हणाली, "रजा पायजे असली की तुलाच पाठवत्ये ड्युटीला."

दोन वर्सांमागची थंडी. माझी अक्का, म्हंजे मोठी बहीण, बाळंतपणाला आलेली, ती अजून आमच्यातच होती. भावजी गोव्यात कामाला. बाळी चार महिन्यांची. नाव ठेवलेलं, पण सगळी बाळीच म्हणायची. मी म्हाताऱ्याचा खोकला काढला की ती दात नसलेलं तोंड उघडून हसायची. आयुष्यात एवढं चांगलं गिऱ्हाईक मला मिळालं न्हाई.

त्या दिवसांत सगळ्या वाडीचं नाक गळत होतं. बाळीला सर्दी झाली त्याचं कुणाला काय वाटलं न्हाई. आईनं वेखंड उगाळून छातीला लावलं. बाजल्याखाली शेगडी ठेवून निखाऱ्यावर ओवा टाकला, घरभर धूर. बाळीला दोन स्वेटर, डोक्याला कुंची, वरून शाल, त्याच्यावर वाकळ. आतून नाक तेवढं दिसायचं. मी अक्काला म्हणालो, "बाळी हाय का भाताचं पोतं? तोंड कुठल्या बाजूला ते तरी सांग."

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून घुरघुर वाढली. अक्का म्हणाली, "सिस्टरला फोन लाव रे."

आमच्या घरात फोनला रेंज न्हाई. काजूच्या बागेच्या वर एक कातळ हाय, तिथं उभं राहिलं तर मिळते. चढायला वीस मिनटं. बाळीला त्या थंडीत वर न्यायची कशी? मग मीच ऐकून घेतलं, डोळे मिटून, चांगलं पाच मिनटं. वर जाऊन सिस्टरला फोन केला, ओव्याच्या धुराचं सांगितलं आणि बाळीची घुरघुर काढून दाखवली.

ती हसली न्हाई. म्हणाली, "आवाज कळला रे. पण आवाजावर मी काय सांगू? आदी तो धूर बंद करा. मी दिलेलं मिठाच्या पाण्याचं औषध नाकात थेंब थेंब घाला. मोठ्या पोरांचं खोकल्याचं औषध अजिबात पाजू नका. आणि अंगावरचं सगळं काढ. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडतोय काय बघ. पोटावर नजर ठेव, घड्याळ लावून एक मिनट श्वास मोज. पन्नासला पोचला, न्हाईतर खड्डा पडला, न्हाईतर दूध ओढत नसली, तर लगेच सांग. मी पलीकडच्या गावाला, नंदिगड्ड्याला, लसीला निघालेय, पण तू सांगितलास तर गाडी घेऊन आदी तुमच्यात येते. कळलं?"

"कळलं, सिस्टर."

खाली आलो. आईला म्हणालो, "अंगावरचं काढ, बघायचं हाय."

"येडा झालास व्हय? ऊन अंगणात आल्याबिगर कुंची सुटायची न्हाई. गारठा छातीत बसंल."

आमच्यात ऊन अंगणात पोचायला दहा-साडेदहा होतात, झाडी एवढी दाट हाय. अक्का म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय तिचा. बग, घुरघुर पण थांबली. दुधाला उठली न्हाई अजून, एवढी गाढ झोपलीय."

मी कान लावला. खरंच, आवाज जवळजवळ न्हवता. मला काय, आवाज कळतो. आवाज गेला म्हंजे दुखणं गेलं. शेगडी तेवढी बाहेर नेऊन ठेवली आणि परत कातळ चढलो. सिस्टर वाट बघत असणार म्हणून.

"बघितलास काय?"

"व्हय."

"खड्डा?"

"न्हाई."

"मोजलास?"

"चाळीस," मी म्हणालो. कुठनं आलं ते चाळीस, देव जाणे. परत खाली जाऊन, आईशी भांडून, परत वर यायचा कंटाळा. बास, एवढंच. वर तिच्याच आवाजात म्हणालो, "मगु झोपलाय री, आराम हाय."

ह्या खेपेला ती हसली. "देव पावला," म्हणाली आणि नंदिगड्ड्याला गेली.

ऊन आलं तवा अक्कानं बाजल्यावर बसून बाळीला सोडली. वाकळ, शाल, कुंची, एक स्वेटर, दुसरा स्वेटर. आणि ती ओरडलीच. बाळीचं पोट वर येत होतं आणि छाती आत जात होती. बरगड्यांच्या खाली माझं बोट बसंल एवढा खड्डा. ओठ जांभळट. आवाज कशाचाच न्हाई. थकून गप्प झालीती ती. घुरघुरायलाबी अंगात जोर लागतो, ह्ये मला तिथं कळलं.

शेजारच्याच्या पिकअपमधनं तालुक्याला, जोयड्याला नेली. तासभर जंगलातला रस्ता. अक्का सारखी दूध पाजायला बघत होती, बाळी तोंडच लावत न्हवती. दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन लावला, सुई दिली, आणि अँब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात पाठवली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "असा श्वास कधीपासून?" अक्का म्हणाली, "आज ऊन आल्यापासून." मी मागं उभा होतो. न्यूमोनिया म्हणाले. नळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळी गेली.

परत येताना अक्काचा पदर दुधानं ओला झालता. आई आपला पदर तिच्या अंगावर टाकत होती.

सिस्टर आली ती पाचव्या दिवशी. चप्पल काढून उंबऱ्याशी उभी राहिली. अक्कानं तिला आत या म्हणलं न्हाई.

"तुमी आला न्हाईसा," अक्का म्हणाली. "माझ्या भावानं दोनदा कातळ चढून फोन केला. दोनदा! आनि तुमी नंदिगड्ड्याला गेलासा."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला टेकून बसलोतो. लई वेळ बघितलं तिनं. ती एक शब्द बोलली असती तरी झालं असतं. पण तिनं तोंड उघडलं न्हाई. बहुतेक अक्काचा भाऊ तरी तिच्याजवळ राहू दे, असं तिला वाटलं असंल. का मीच बोलावं म्हणून थांबलीती, मला ठाऊक न्हाई. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तोवर ती चप्पल घालून पायवाटेला लागलीती.

आता वाडीत सगळी तिलाच बोलतात. लसीला पोरं न्यायची का न्हाई, ह्याच्यावर बायकांत भांडणं होतात. दोघींनी तर नेलीच न्हाईत. मी तिथंच असतो, ऐकतो.

अक्का सासरी गेली. दिवाळीला आली की ताटात पयलं मला वाढते. परवा भावजींना सांगत होती, "ह्यो एकटा पळला ओ माझ्या बाळीसाठी. दुसरं कोण न्हाई." आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

मी ती खाल्ली.