गोंधळ आरतीपर्यंत झाला

गेल्या उन्हाळ्यात तुळजापूरच्या वेशीबाहेरच्या वसतिगृहात परगावच्या आणि परदेशच्या विद्यार्थ्यांचे शिबिर भरले होते. त्याच्या शेवटच्या दिवशी काय घडले, याबद्दल आजवर माझ्या कानांवर बरेच काही आले आहे. मी शिबिराच्या समन्वयकाच्या अंगावर धावून गेलो, असे चहाच्या टपरीवर सांगतात. माझ्या हटवादीपणामुळे मुलांची सोलापूरहून सुटणारी गाडी चुकली, असे वसतिगृहाचे व्यवस्थापक सांगतात. आणि संस्थेने आपल्या गुळगुळीत कागदावरच्या सचित्र अहवालात छापले आहे की गोंधळाचा कार्यक्रम वेळेअभावी मध्येच आटोपता घ्यावा लागला. पहिल्या दोन गोष्टी माझ्या स्वभावाविषयी आहेत आणि माझ्या स्वभावाचा बचाव करण्याची मला आजवर कधी गरज वाटलेली नाही. तिसरी मात्र गोंधळाविषयी आहे. ती धादांत खोटी आहे, आणि ती खोडून काढण्यासाठी मी हे लिहीत आहे.

मी इतिहासाचा शिक्षक होतो. आमचे घराणे तुळजापुरात किती पिढ्यांपासून आहे हे सांगत बसत नाही; ज्यांना माहीत आहे त्यांना सांगण्याची गरज नाही आणि ज्यांना माहीत नाही ते विचारत नाहीत. संस्थेने मला 'स्थानिक मार्गदर्शक' म्हणून बोलावले. समन्वयक तिशीतला, पुण्याकडचा, सदैव उत्साहात. मला तो अंकल म्हणत असे. मी एकदा सांगितले की या गावात मला लोक गुरुजी म्हणतात. त्यावर तो म्हणाला, "सो स्वीट, गुरुजी अंकल!"

त्याने आखलेल्या सहलींचे वर्णन केल्यावाचून पुढचे समजणार नाही. भर वैशाखात त्याने मुलांना नळदुर्गच्या किल्ल्यात धबधबे दाखवायला नेले. ते धबधबे पावसाळ्यात वाहतात, हे मी आदल्या दिवशी सांगितले होते. "पण लोकेशन तर तेच ना?" हे मला मिळालेले उत्तर. मुलांनी तापलेला कोरडा दगड पाहिला आणि नंतर समन्वयकाच्या मोबाइलवर धबधबा पाहिला. भूमच्या बाजूला खव्याच्या भट्टीवर नेले तेव्हा प्रत्येकाला कढईत उलथणे फिरवून फोटो काढायचा होता. उलथणे एका हातातून दुसऱ्या हातात जाईपर्यंत खवा तळाला लागला. भट्टीवाल्याने कपाळावर हात मारला. समन्वयकाने तो करपलेला खवा चाखून 'स्मोकी' म्हणून त्याची तारीफ केली.

एके सकाळी 'ग्रामीण जीवनाचा अनुभव' होता. ज्या शेतकऱ्याच्या रानात हा अनुभव ठेवला होता, त्याने बैल कधीच विकून ट्रॅक्टर घेतला होता. मग शेजारच्या गावातून बैलजोडी मागवली, ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीआड लपवला आणि शेतकऱ्याच्या डोक्याला फेटा बांधला. हा शेतकरी माझा जुना विद्यार्थी. बैलांचा कासरा हातात घेऊन तो माझ्याकडे न पाहताच पुटपुटला, "गुरुजी, तुमी हसू नका बरं. मलाच लई हसू यायलंय."

मला हसू येत नव्हते. आपल्या जगण्याचे सोंग आपणच काढायचे आणि त्याला संस्कृती म्हणायचे, याची मला चीड होती आणि आहे.

समारोपाच्या दिवशी गोंधळ ठेवायचे ठरले. समन्वयकाने वेळापत्रकात त्याला वीस मिनिटे दिली होती. आधी मेंदी, नंतर गोंधळ, नंतर प्रमाणपत्रे. गोंधळ्यांना निरोप देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण आमच्या घरचे गोंधळ ज्या घराण्याने घातले, त्याच घराण्याचा आजचा नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, गावात राहतो. मी त्याच्या अंगणात जाऊन बसलो. तो संबळाची वादी ताणत होता. हात न थांबवता त्याने विचारले, "गोंधळ कुणाच्या घरचा, गुरुजी?"

"शिबिराचा."

"शिबिराला कूळ असतंय व्हय? चौक मांडल्यावर यजमान लागतो. नाव कुणाचं घ्यायचं म्या? वसतिगृहाचं?"

"नुसती गाणी म्हण."

"गाणी म्हणायला आर्केस्ट्रा हाय की कळंबचा. त्यास्नी बोलवा."

त्याचे बोलणे बिनतोड होते, आणि बिनतोड बोलणे मी कुणाचेही मान्य करतो. क्षणभर विचार करून मी म्हणालो, "यजमान म्हणून मी बसतो. माझ्या घरचा गोंधळ राहिला आहे."

तो खरोखरच राहिला होता. माझ्या नातवाचे लग्न परदेशात, तिकडच्याच मुलीशी, तिकडच्याच कुठल्याशा कचेरीत झाले. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घातल्याशिवाय सून कुळात आली असे आम्ही मानत नाही. आमच्या गोंधळात आख्यान संपल्यावर, आरतीच्या आधी, नाईक देवीपुढे नवरा-नवरीचे नाव घेतो. ते नाव घेतले गेले की झाले. नातू येतो म्हणाला, पुढच्या सुट्टीत म्हणाला, त्याच्याही पुढच्या सुट्टीत म्हणाला. मी ऐंशीच्या घरात आहे. त्या मुलीचे नाव देवीच्या कानांवर माझ्या हयातीत पडावे, एवढेच मला हवे होते. ती मुलगी कुठली, कोणत्या धर्माची, याच्याशी मला कर्तव्य नव्हते. गावातल्या काही लोकांना होते. त्यांनी ते माझ्या तोंडावर बोलून दाखवलेले नाही, यातच त्यांचे शहाणपण.

नाईकाने वादी बाजूला ठेवली. "नवरा-नवरी बसणार न्हाईत का?"

"ते नाहीत. पाटावर मी बसेन."

"चालतंय. वडीलधारं माणूस बसलं तर देवीला चालतंय. पर आरतीपत्तर जायचं, गुरुजी. मधी उठायचं न्हाय."

"शब्द दिला," मी म्हणालो.

आता कुणी म्हणतात की मी माझ्या घरचे कार्य शिबिराच्या मांडवात गुपचूप उरकून घेतले. गुपचूप मी आयुष्यात काही केलेले नाही. त्याच संध्याकाळी मी समन्वयकाला सांगितले की हा माझ्या नातवाचा गोंधळ आहे, चौकाचे सामान आणि गोंधळ्यांची बिदागी माझी, आणि त्याला दोन तास तरी लागतील. तो मोबाइलमध्ये काहीतरी टाइप करत होता. मान वर न करता म्हणाला, "परफेक्ट! ऑथेंटिक पाहिजेच. ऑरगॅनिकली होऊ द्या." दोन तास म्हणजे काय हे त्याला त्याच्याच भाषेत पुन्हा सांगितले. तेव्हा त्याने अंगठा दाखवला.

गोंधळ रात्रीचा. तो पाचच्या उन्हात, पत्र्याच्या सभागृहात, पंख्यांच्या घरघरीत मांडावा लागला, ही पहिली तडजोड मी केली. तेवढी पुरे होती. चौरंगावर नवे वस्त्र अंथरून तांदळाचा चौक भरला, कलश मांडला, भोवती उसाची धाटे उभी करून बांधली. नाईकाने झगा चढवला, कवड्यांची माळ गळ्यात घातली. दिवटी पेटवली. त्याच वेळी समन्वयकाला एक 'अॅक्टिव्हिटी' सुचली: एखाद्या विद्यार्थ्याने दिवटी हातात धरावी, फोटो छान येईल.

नाईकाने माझ्याकडे पाहिले. मग पुढे बसलेल्या एका उंच परदेशी मुलीकडे पाहून म्हणाला, "धरू द्या. देवीचंच लेकरू. पर आरतीपत्तर खाली ठिवायची न्हाय, एवढं सांगा तिला."

मी तिला माझ्या इंग्रजीत ते नीट सांगितले. तिने विचारले, हात दुखला तर? मी म्हणालो, दुसऱ्या हातात घ्यायची. तिला ते पटले. आमच्या समन्वयकाला महिनाभरात जी गोष्ट कळली नाही, ती तिला एका वाक्यात कळली.

गणाने सुरुवात झाली. मग नाईक ठिकठिकाणच्या देवांना नाव घेऊन गोंधळाला बोलावू लागला. तुळजापूरची आई, माहूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा मल्हारी, मग शिवेवरचे, बांधावरचे, ज्यांची देवळेही नाहीत असे. एकेकाला आवतण. मुले आधी मोबाइल वर धरून बसली होती. हळूहळू बहुतेकांचे हात खाली आले. आख्यान लागले तेव्हा नाईकाचा साथीदार मध्ये मध्ये खोड्या काढू लागला. "हे पाव्हणे कुठले?" त्याने नाईकाला विचारले. "लांबचे," नाईक म्हणाला. "मग जेवूनच जातील की! मघापसून घड्याळाकडं बघणारा तेवढा जवळचा दिसतोय." सभागृहातले गावकरी खदखदून हसले. समन्वयकही हसला, त्याला वाटले आपले कौतुक चालले आहे.

थोड्या वेळाने त्याने हाताने कात्री चालवल्याची खूण केली. नाईकाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली: चालू दे. समन्वयकाने माइक बंद केला. संबळाला माइक लागत नाही. मग तो मुलांना उठवू लागला. बस उभी आहे, सोलापूरला गाडी आहे, चला, चला. काही उठली, काही घुटमळली. ती उंच मुलगी दिवटी घेऊन जागची हलली नाही. तिने त्याला सांगितले की मला ही खाली ठेवता येत नाही.

"ठेवू नकोस, विझवू या," असे म्हणून त्याने जवळची पाण्याची प्लास्टिकची बाटली उचलली आणि बूच फिरवले.

दिवटी पाण्याने विझवत नाहीत. ती आरती झाल्यावर दुधात शांत करतात. हे तुळजापुरातल्या रांगत्या पोरालाही माहीत असते. देवांना नाव घेऊन बोलवायचे आणि ते येऊन बसले असताना त्यांच्या तोंडावर पाणी ओतायचे! आणि नाव अजून घेतले गेले नव्हते. माझ्या नातसुनेचे नाव.

मी पाटावरून उठलो नाही. यजमान उठत नाही. समन्वयक माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी त्याच्या हातातली बाटली घेतली. त्याच्या हाताला माझा हात लागलेला नाही, हे तिथे बसलेल्या कुणीही सांगावे. बाटली घेतली, तोंडाला लावली आणि सगळ्यांदेखत ती शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली. उन्हाळा होता, तहान लागली होती. रिकामी बाटली त्याला परत दिली. यालाच टपरीवर अंगावर धावून जाणे म्हणतात.

"अंकल, धिस इज नॉट फेअर! ड्रायव्हर कुठाय?"

बसचा चालक उमरग्याकडचा. तो मागच्या भिंतीला टेकून, चपला बाहेर काढून बसला होता. बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, आरती झाल्याबिगर म्या न्हाय चावी लावत. माझी बी आईच हाय ती. तुमी बसा, जरा वारं घ्या."

समन्वयक बसला. काय करणार? उठलेली मुलेही बसली. आख्यान संपले. नाईकाने आमचे कूळ सांगितले, माझ्या आजोबांपासून एकेक नाव घेत खाली आला, नातवापाशी आला आणि मग त्याने माझ्या नातसुनेचे नाव घेतले. त्याच्या जिभेला ते अवघड होते. आठवडाभर तो ते घोकत होता, हे मला नंतर कळले. त्याने ते संबळाच्या ठेक्यात बसवून, खड्या आवाजात, तीनदा घेतले. 'उदो उदो'चा गजर झाला. आरती झाली. दिवटी दुधात शांत केली. ती त्या उंच मुलीनेच केली, मी तिला वाटी धरून दाखवले. तिच्या दंडावर तेलाचे ओघळ आले होते. तिने तक्रार केली नाही.

बस त्यानंतर निघाली. गाडी चुकली म्हणणाऱ्यांनी त्या चालकाला विचारावे. तो परतताना माझ्या ओट्यावर पाणी प्यायला थांबला तेव्हा म्हणाला, गाडीच उशिरा आली, मुलं फलाटावर संबळाची नक्कल करत बसली होती.

हे असे घडले. नंतर संस्थेचा अहवाल आला, 'मध्येच आटोपता घ्यावा लागला' हे वाक्य घेऊन. अर्धवट सोडल्याचा दोष वेळेवर टाकला की स्वतःवर येत नाही. मी त्यांना लिहायला बसलो होतो, तेवढ्यात नातवाचा फोन आला. त्याला मी सगळे सांगितले. तो खूश झाला. त्या खुशीतच म्हणाला, "बरं झालं, आजोबा! मग आता दिवाळीला यायची गडबड नको. तिला रजेचा प्रॉब्लेमच होता."

फोन स्पीकरवर होता. सूनबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, हातातली परात खाली ठेवली आणि त्या फोनवर हात धरून मला दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो मामंजी, त्या पुस्तकात छापलंच आहे ना, मध्येच थांबला म्हणून? तुम्ही नुसतं 'हो' म्हणा. नाहीतर काहीच बोलू नका. अर्धा राहिला म्हटलं तर येतील ती दोघं. पोराला बघून किती वर्षं झाली."

सगळ्या जगाच्या खोट्या हकिकतींमध्ये माझ्या कामाची अशी ही एकच होती, आणि ती मान्य करायला मला तोंडही उघडावे लागणार नव्हते. सूनबाईंचे डोळे भरले होते. त्या वाईट नाहीत. त्यांना फक्त मुलगा हवा होता, आणि मला तो नको होता असे समजू नये.

फोनमधून नातू विचारत होता, "आजोबा? आहात ना?"

मी सूनबाईंचा हात बाजूला केला आणि त्याला सांगितले, "आहे. गोंधळ आरतीपर्यंत झाला. तुझ्या बायकोचं नाव तीनदा घेतलं. आता यायचं असेल तर मला भेटायला या; गोंधळासाठी यायची गरज नाही."

पलीकडून तो म्हणाला, बघतो. सूनबाई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतेच बोलतात. त्यांना वाटते मी हट्टाने बोललो. तेही खरे नाही.